पाचव्यानंतर सहावा

“सही कुठे करायची तिथे खूण करून ठेवलीय,” मॅनेजर म्हणाला आणि त्याने कागद टेबलावरून ढकलला. “पाचला पोलीस येतायत. तोवर उरकून टाका.”

तपासनीस बाईंनी कागद उचलला, पेन तिथेच राहू दिलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अर्धा तास उन्हात उभं केलं होतं. चहा राहू द्या, नुसतं ‘बसा’ म्हणायचीही इथे कुणाला बुद्धी झाली नव्हती. बाईंना त्याची सवय होती. कारखान्यात माणूस मेला की तपासाला त्यांना पाठवत, आणि पुढ्यात येईल ते मोजून बघायची त्यांना खोड होती. पर्समध्ये कायम स्टीलची पट्टी. म्हणून लोक पाठीमागे त्यांना पट्टीबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

“मी वाचल्याशिवाय सही करत नाही.”

“वाचायला आहे काय त्यात? पोरीने क्रेनची पेटी भट्टीवर घातली. भट्टी पडली, गवंडी मेला. तोही कोण, तर तिचा सख्खा भाऊ!”

“सगळं इतकं स्पष्ट आहे, तर माझी सही कशाला हवी?”

“नियम आहे म्हणून.”

“मग वाचायचाही नियमच आहे,” पट्टीबाई म्हणाल्या आणि सांगितल्याशिवाय खुर्ची ओढून बसल्या.

घडलं होतं ते असं. कारखाना काचेचा. मधोमध काच वितळवायची भट्टी, तिच्यावर विटांची कमान. भट्टीवरून क्रेन जायची आणि लोखंडी साच्यांची पेटी या अंगाची त्या अंगाला नेऊन ठेवायची. त्याच्याही वर धुराची जाड नळी, एका बाजूला उतरत गेलेली. म्हणजे पेटीला जायची वाट एकच: कमानीच्या वरून आणि नळीच्या खालून. जुनी कमान खचली म्हणून चाळीस दिवस भट्टी थंड ठेवून नवी बांधली, आधीपेक्षा उंच. बांधणारा गवंडी आणि क्रेन चालवणारी त्याची धाकटी बहीण. दहा दिवसांपूर्वी, सकाळी, नव्या कमानीवरून पहिली पेटी निघाली. सात वाजून दहा मिनिटांनी कमान कोसळली. गवंडी तेव्हा भट्टीच्या भिंतीला टेकून शेवटचे सांधे भरत होता.

अहवालात एक देखणं कोष्टक होतं. सात ओळी. दर पाच सेकंदांनी पेटीचा तळ कुठे होता ते: मधल्या रेषेपासून किती दूर आणि जमिनीपासून किती उंच. शेवटच्या रकान्यात निकाल. पहिले चार बिंदू ‘आत’. पाचवा ‘बाहेर’. सहावा ‘बाहेर’. सातवा ‘बाहेर’. खाली दोन वाक्यं: ‘सुरक्षा यंत्रणा चोख होती. अपघातानंतर लगेच चाचणी घेतली; बिंदू लाल होताच क्रेन जागच्या जागी थांबते.’ आणि सेफ्टी ऑफिसरची वळणदार सही.

“तुम्ही क्रेन चालू करायला परवानगी कशावर दिलीत?” बाईंनी मॅनेजरला विचारलं.

“सेफ्टीने लिहून दिलं होतं, सगळं तपासलंय म्हणून. मी काय स्वतः चढून बघू? माणसं कशाला पोसतो?”

“अपघात झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“खाली. गवंड्याला गाडीत घालून मीच दवाखान्यात नेला. परत आलो ते दुपारी. आता माझ्यावरच संशय का?”

“अजून कुणावरच नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर सगळ्यांना विचारतेय.”

त्या दिवसभरात बाईंशी माणसासारखं वागलेला एकच माणूस म्हणजे सेफ्टी ऑफिसर. सगळे त्याला सेफ्टीसाहेब म्हणत. पन्नाशीचा, नीट भांग पाडलेला, आवाजात सायीचा मऊपणा.

“उन्हातून आलात बाई. आधी पाणी घ्या,” तो म्हणाला आणि स्वतः ग्लास पुढे केला. “फार वाईट झालं. गवंडी म्हणजे हिरा होता. बहीणही वाईट नाही हो, पण तरुण वय, लक्ष थाऱ्यावर नसतं. तुम्ही जरा सौम्य लिहा तिच्याबद्दल.”

जिना चढून दोघं नियंत्रणाच्या खोलीशी आली. दाराला लाखेचं सील होतं. सेफ्टीसाहेबाने ते बाईंच्या डोळ्यांदेखत फोडलं.

“हे कधी लावलंत?”

“त्याच दिवशी, सात चाळीसला. लाखेवर वेळही घातलीय बघा. कमान पडली आणि सगळे खाली धावले. मी मात्र वरच थांबलो. म्हटलं, कुणी घाबरून यंत्राला हात लावला तर पुरावा जायचा.”

“सात दहा ते सात चाळीस, आत आणखी कोण होतं?”

“कुणी नाही. मी दुसऱ्याला पाऊलही टाकू दिलं नाही. चाचणीसुद्धा मी एकट्यानेच घेतली.”

“आणि त्यानंतर आजवर सील कुणी काढलं?”

“छे! माझी जबाबदारी आहे ती.”

“शहाणपणा केलात,” बाई म्हणाल्या. सेफ्टीसाहेब खूश झाला.

आत एक जुना पडदा होता. त्यावर खाली कमान, वर नळीची तिरकी रेघ आणि दोहोंच्या मध्ये पांढरी जागा. पेटी म्हणजे एक ठिपका. ठिपका मधल्या जागेत असला की हिरवा. कमानीला किंवा नळीला नुसता टेकला तरी लाल, आणि लाल झाला की क्रेनची वीज तुटायची.

“नव्या कमानीचा नियम यंत्रात कुणी घातला?”

“इंजिनिअरने. रजेवर जायच्या आधीच घालून गेला होता.”

“नव्या कमानीचा माथा किती उंच?”

“नऊ मीटर. हा काय, नकाशा भिंतीवरच आहे.”

नकाशावर नऊच होते. बाजूला कमानीची रीत लिहिली होती: मधल्या रेषेपासून जितके मीटर दूर, त्याचा वर्ग करा, निम्मा करा, माथ्यातून वजा करा, म्हणजे तिथली कमानीची उंची. नळीची रीत त्याहून सोपी, मध्यावर अकरा मीटर आणि पुढे दर मीटरला अर्धा मीटर कमी.

सेफ्टीसाहेब चहा सांगायला गेला तशी बाईंनी पेन्सिल काढली. दुसऱ्याने केलेलं गणित तयार मिळालं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. नळीची अट सातही बिंदू आरामात पाळत होते. ती मिटली. आता कमान.

पहिले चार बिंदू कमानीच्या पुष्कळ वर. पाचवा मधल्या रेषेपासून एक मीटर अलीकडे, उंची आठ साठ. एकाचा वर्ग एक, निम्मा अर्धा, नऊतून अर्धा गेला की उरले साडेआठ. पेटी आठ साठवर, कमान साडेआठवर.

म्हणजे पाचवा बिंदू आत होता.

कोष्टकात मात्र ‘बाहेर’. बाईंनी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. सहावा बिंदू बरोबर मध्यावर, उंची आठ ऐंशी, कमान नऊ. तो बाहेर, कबूल. सातवा एक मीटर पलीकडे, उंची आठ साठ. म्हणजे तोही आत. नकाशा म्हणतो एकच बाहेर आणि यंत्र म्हणतं तीन. दहा सेंटिमीटरचा घोळ होता, आणि दहा सेंटिमीटर कुठूनतरी आल्याशिवाय राहत नाहीत.

त्यांनी कोष्टकाची घडी घातली. सेफ्टीसाहेब चहा घेऊन आला तेव्हा त्या खिडकीतून पडलेली भट्टी बघत होत्या. विटांचा ढीग तसाच होता. मोजायला कमान उरलीच नव्हती.

इंजिनिअर गोदामाच्या मागे मोटार उघडून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

“तुम्ही नियम घालून रजेवर गेलात असं कळलं.”

“कोण बोंबलतंय?” त्याने पाना खाली टाकला. “कमान अर्धी बांधली होती तेव्हा मी गेलो. वडिलांचं ऑपरेशन होतं. न बांधलेल्या कमानीचा नियम घालायला मी काय ज्योतिषी आहे? जाताना मॅनेजरला बजावलं होतं, मी येईपर्यंत क्रेन हलवू नका. त्याला कुठला धीर!”

“परत कधी आलात?”

“अपघातानंतर तिसऱ्या दिवशी. खोलीला सील. दारातूनच मागे फिरलो.”

“नियम बदलायचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?”

“मला, मॅनेजरला आणि सेफ्टीला.”

“नियम कधी बदलला हे यंत्र सांगतं?”

“ते यंत्र माझ्या लग्नाच्या आधीचं आहे, बाई. ते कसली नोंद ठेवतंय! पेटी कुठे होती तेवढं लिहून ठेवतं. आत होती की बाहेर, ते लिहीत नाही. तुम्ही मागाहून विचारलंत की तेव्हा जो नियम आत असेल त्याने तपासतं आणि सांगतं. झालं समाधान? आता उजेडातून बाजूला व्हा.”

बाई बाजूला झाल्या. माणूस उर्मट होता, पण त्याने एका श्वासात जेवढं सांगितलं तेवढं बाकीच्यांनी दिवसभरात सांगितलं नव्हतं.

क्रेनवालीला अवजारांच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. दारावर कुणीतरी खडूने ‘भाऊखाऊ’ लिहिलं होतं. आत सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी उपड्या डब्यावर बसली होती. बाई आल्या तशी ती उभी राहिली.

“बस. काय झालं ते सांग.”

“दिवा हिरवा होता.”

“आणखी?”

“हिरवा होता.”

“हे दहा दिवस सगळ्यांना सांगतेयस. मला नवीन काही सांग. तुला कमान दिसत नव्हती का?”

“केबिनमधून नळी आडवी येते. माथा दिसत नाही. आम्ही ठिपका बघून चालवतो. लाल झाला तर हात काढायचीही गरज नाही, क्रेन आपली आपण थांबते.”

“मग थांबली का नाही?”

मुलगी पुन्हा डब्यावर टेकली.

“कमान उंच केलीय हे तुला माहीत होतं?”

“दादाने सांगितलं होतं आदल्या दिवशी. म्हणाला, मापं दिलीत लिहून, उद्या बिनघोर ने.” तिचा आवाज फाटला. “मी बिनघोर नेली. थांबवायचं बटण मी दाबलं, पण कमान खाली गेल्यावर. आवाज झाला म्हणून.”

“मापं कुणाला दिली होती?”

“विचारलं नाही मी. बाई, आधी मला पक्कं आठवत होतं, हिरवा होता. आता सगळे म्हणतात लाल होता. रात्री डोळे मिटले की मलाही लाल दिसतो. हिरवा होता की नाही एवढंच मला सांगा. मग जेलात टाका.”

बाईंना काही मऊ बोलायला जमत नसे. “पाचच्या आत सांगते,” त्या म्हणाल्या.

गवंड्याचं घर कारखान्यामागच्या कामगारांच्या चाळीत होतं. दोन खोल्या. बायकोने दार अर्धंच उघडलं.

“तिची वकिली करायला आलात?”

“नाही. तुमच्या नवऱ्याची मापं बघायला आलेय.”

“मापं!” वहिनी कडवट हसली. “आयुष्यभर मापंच घेतली त्याने. पेटी उचलून डोक्यात घातली बहिणीने. दहा वर्षांची होती ती, तेव्हा या घरात आली. माझ्या हाताने वेण्या घातल्यात तिच्या. आता या उंबऱ्यात पाय टाकू दे, तंगडं मोडीन.”

“खुशाल मोडा. आधी मला त्याची वही द्या.”

वहिनीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आत गेली आणि एक जाडजूड वही आणून अक्षरशः त्यांच्या हातात कोंबली. गवंड्याची पद्धत होती, चिठ्ठी लिहिताना खाली कार्बन ठेवायचा. वरचा कागद साहेबाला, खालचा स्वतःला. ‘साहेब लोक विसरतात, कागद विसरत नाही,’ असं तो म्हणायचा म्हणे.

शेवटचं पान अपघाताच्या आदल्या संध्याकाळचं. कमानीच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत दर मीटरला ओळंबा सोडून घेतलेली नऊ मापं. एक वीस, चार सत्तर, सात वीस, आठ सत्तर, मध्यावर नऊ वीस, आणि तशीच खाली उतरत पुन्हा एक वीस. त्याखाली ठसठशीत अक्षरात: ‘जाड विटा आल्या म्हणून नकाशापेक्षा वीस सेंटिमीटर जास्त. उद्या क्रेन नेण्याआधी नियम बदलणे.’

कुणाला दिली, ते नव्हतं.

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या पट्टी काढून ओळीखाली धरली. मध्यापासून एक मीटरवर कमान आठ सत्तर. पेटी आठ साठ. दहा सेंटिमीटरचा घोळ सुटला.

“यातलं हे नऊ वीस,” त्यांनी विचारलं, “त्याने आणखी कुणाला सांगितलं होतं?”

“कामावरून आला, जेवला, झोपला. सकाळी पाचला गेला. कुणाला सांगणार?” वहिनीने वही परत घ्यायला हात पुढे केला. “का? काय आहे त्यात?”

“तुम्हीही साडेचारला कारखान्यात या, वरच्या नियंत्रणाच्या खोलीत.”

“ती असेल तिथे मी येणार नाही.”

“ती असेल म्हणूनच या,” पट्टीबाई म्हणाल्या आणि वही घेऊन चालू लागल्या.

साडेचारला नियंत्रणाच्या खोलीत जागा पुरेना. मॅनेजर घड्याळ बघत होता. इंजिनिअर हाताची काळी बोटं पुसत होता. सेफ्टीसाहेबाने बाईंसाठी खुर्ची झटकून ठेवली. क्रेनवाली एका कोपऱ्यात, वहिनी दुसऱ्या कोपऱ्यात पाठ करून.

“भाषण नको,” मॅनेजर म्हणाला. “सही करा.”

“आधी एक सांगा सेफ्टीसाहेब. तुम्ही अहवालात लिहिलंय, बिंदू लाल झाला की क्रेन जागीच थांबते. हे शंभर टक्के खरं?”

“शंभर टक्के, बाई. पाच वेळा करून बघितलं. आमच्या यंत्रणेत खोट नाही.”

“अपघाताआधी? कुणी वीज तोडणारी कळ काढून ठेवली असेल, तार तोडली असेल?”

“शक्यच नाही. आदल्या संध्याकाळी मी स्वतः तपासलं, अपघातानंतरही तपासलं. अहो, तेच तर माझं काम!”

“छान,” बाई म्हणाल्या आणि कोष्टक टेबलावर पसरलं. “हा पाचवा बिंदू. बाहेर, म्हणजे लाल. लाल झाला की क्रेन थांबते. मग हा सहावा बिंदू आला कुठून?”

मॅनेजर कोष्टकावर वाकला.

“पाच सेकंदांनी पेटी एक मीटर पुढे आहे. आणखी पाच सेकंदांनी आणखी एक मीटर. थांबलेली क्रेन दोन मीटर चालली? पाचवा बाहेर असेल तर त्याच्यानंतर सहावा असूच शकत नाही. आणि सहावा तर इथे टाइप करून ठेवलाय.”

इंजिनिअरने हातातला बोळा खाली टाकला. “च्यायला,” तो हळूच म्हणाला.

“म्हणजे पेटी जाताना पाचवा बिंदू लाल नव्हता. सहावा नव्हता आणि सातवाही नव्हता. त्या वेळी यंत्रात जुन्या कमानीचा नियम होता. जुना माथा आठ मीटर. त्याने तपासा: एक मीटरवर कमान साडेसात, पेटी आठ साठ. आत. मध्यावर कमान आठ, पेटी आठ ऐंशी. आत. सगळे सात बिंदू आत.” बाई कोपऱ्याकडे वळल्या. “हिरवा होता. सातही वेळा.”

क्रेनवालीने भिंतीला हात टेकला. वहिनीची पाठ हलली, पण ती वळली नाही.

“मग आता यंत्रात नवा नियम कसा?” मॅनेजरने विचारलं. त्याचा आवाज बराच खाली आला होता.

“तेच. इंजिनिअर, उघडा.”

इंजिनिअरने चार कळा दाबल्या. पडद्यावर कमानीचा माथा आला. ९.२०.

“नकाशात नऊ आहेत,” मॅनेजर म्हणाला.

“नकाशात नऊ, आणि कमान पडल्यामुळे आज कुणालाच मोजता येत नाही. नऊ वीस ही संख्या साऱ्या जगात एकाच जागी लिहिली होती.” बाईंनी वही ठेवली. “गवंड्याच्या चिठ्ठीत. ज्याने नियम बदलला त्याच्याकडे ती चिठ्ठी होती. आता बदलला कधी? सात दहाला कमान पडली तेव्हा जुना नियम होता. सात चाळीसला सील लागलं, ते आज माझ्यासमोर निघालं. राहिली मधली तीस मिनिटं. मॅनेजरसाहेब दवाखान्याच्या वाटेवर, इंजिनिअर वडिलांच्या उशाशी. या खोलीत त्या तीस मिनिटांत कोण होतं, ते मला कुणी पढवलं नाही. ज्याचं त्यानेच मला पाणी पाजून सांगितलं.”

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

सेफ्टीसाहेब अजून हसत होता, पण ते हसू तोंडावर चिकटून राहिल्यासारखं. “बाई, तुमचा काहीतरी गैरसमज... चिठ्ठी मला मिळाली असती तर मी लगेच—”

“मिळाली, आदल्या संध्याकाळी. नियम बदलला की रिकामी क्रेन कमानीवरून बिंदू-बिंदू थांबवत न्यायला लागते. अर्धा दिवस मोडतो. आणि तुम्ही तर ‘सगळं तपासलं’ म्हणून टेबलाशी बसून आधीच सही देऊन टाकली होती. म्हटलंत, एक दिवसाने काय बिघडतंय! मग कमान पडली. तुम्ही चिठ्ठी काढलीत आणि गवंड्याने सांगितलं होतं अगदी तेच केलंत. नियम बदललात. फक्त तो मेल्यावर.”

“पुरावा काय?” आवाजातली साय आता पार उतरली होती. “एका अडाणी गवंड्याच्या चोपडीवरून तुम्ही माझ्यासारख्या माणसाला... वीस वर्षं नोकरी केलीय मी! त्याला वर्ग तरी करता येत होता का?”

“नव्हता येत,” बाई म्हणाल्या. आता त्याही तापल्या होत्या. “तो ओळंबा सोडून मोजायचा. त्याची नऊच्या नऊ मापं मी तुमच्या रीतीने तपासली, एक सेंटिमीटरही इकडे-तिकडे नाही. तुम्हाला वर्ग येतो, आणि तुम्ही तीन बिंदूही तपासले नाहीत. नुसता नकाशातला नऊ घातला असतात तर मला ही वही शोधायचीच वेळ आली नसती. आणि यंत्रणा बिघडली होती एवढं जरी लिहिलं असतंत, तरी मी अडकले असते. पण तुमच्या यंत्रणेत खोट नाही ना! ती नाहीच. खोट तुमच्यात आहे.”

“हिला माहीत होतं कमान उंच झालीय!” तो क्रेनवालीकडे बोट करून ओरडला. “हिने विचारायला नको होतं? मी एकटाच का?”

तेवढ्यात वहिनी वळली. खोली ओलांडून आली आणि सेफ्टीसाहेबाच्या पुढ्यात उभी राहिली. मारते की काय असं सगळ्यांना वाटलं. तिने मारलं नाही.

“तुम्ही घरी आला होतात,” ती म्हणाली. “तिसऱ्या दिवशी. माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवलात. म्हणालात, पोरीला माफ करा वहिनी, चूक होते माणसाच्या हातून. चिठ्ठी तेव्हा खिशात होती का?”

सेफ्टीसाहेबाचा हात नकळत कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मॅनेजरने पुढे होऊन तो खिसा स्वतःच रिकामा केला. चष्म्याचं घर, पेन आणि चारदा दुमडलेला एक कागद. वहीतल्या कार्बनच्या पानावरचा मूळ कागद. जाळायला त्याला दहा दिवस होते. ‘कमान नकाशापेक्षा उंच बांधली’ म्हणून उद्या गवंड्यावर ढकलायला लागलं तर असावी, म्हणून ठेवली होती, हे त्याने पुढे पोलिसांना सांगितलं.

पाचला पोलीस आले. ज्या कामासाठी बोलावलं होतं ते तसंच राहिलं. सेफ्टीसाहेबाला जिन्यावरून नेताना खाली कामगार गोळा झाले होते. क्रेनवालीच्या नावाने बोंबलणारे हेच. आता दुसऱ्याच्या नावाने बोंबलायला लागले.

मॅनेजरने बाईंना ‘बसा’ म्हटलं. त्या बसल्या नाहीत. “क्रेन चालू करायची घाई तुमची होती,” त्या म्हणाल्या. “तेही लिहिणार आहे मी. सही कुठे करायची ते माझं मी बघते.”

खोलीत दोघीच उरल्या होत्या, नणंद आणि भावजय. बाई पट्टी पर्समध्ये टाकत दाराशी घोटाळल्या. ऐकू नये हे कळत होतं, पण पाय निघेना.

“दहा दिवस मी तुला नाही नाही ते बोलले,” वहिनी म्हणाली. “अख्ख्या चाळीसमोर बोलले. तू एकदाही उलट उत्तर दिलं नाहीस. का गं?”

क्रेनवालीची नजर पडद्यावर होती.

“मलाही तसंच वाटायला लागलं होतं,” ती म्हणाली.

वहिनीने तिचं मनगट धरलं, लहान मुलाला रस्ता ओलांडताना धरतात तसं घट्ट. “केसांची काय दशा करून घेतलीस,” ती म्हणाली. “घरी चल. वेणी घालते.”